बर्फावरचा लॅराबी

वेल्सफर्ड, २ ऑक्टोबर १७८७

प्रिय एलियेझर,

तुझं पत्र पोचलं. केंटकीची माती काळी आहे, मका माणसाच्या डोक्यावर जातो, टर्की पक्षी अंगणात येऊन बसतात, सगळं वाचलं. झिल्पा कशी आहे याबद्दल मात्र एक ओळ नाही. जमिनीवर दोन पानं आणि बायकोवर काहीच नाही, हे फक्त माझ्या भावालाच जमू शकतं.

इथलं सगळं ठीक. डॉर्कस उंच झाली आहे आणि प्रश्न विचारून माझं डोकं खाते. मी हे पत्र लिहिते आहे तेही तिच्या एका प्रश्नापायीच.

सार्जंट एनॉस क्रेन तुला आठवत असेल. युद्ध संपल्यावर कॉनेक्टिकटहून आला आणि आपल्या गावच्या पुलाजवळची खाणावळ चालवू लागला, तोच. हेरन नदी ओलांडली त्या दिवसाची आठवण म्हणून दर हिवाळ्यात तिथे जुने शिपाई जमतात आणि लॅराबीच्या नावाने पेले उचलतात. ती गोष्ट आता इतकी फुगली आहे की तुला ओळखूही येणार नाही. आपली फौज हरून मागे आली, पूल जाळून झाला, आजारी माणसं पलीकडच्या काठावरच राहिली आणि लाल डगलेवाले इंग्रज जवळ येत होते, इथवर खरं. तेव्हा लॅराबी नावाचा एक शिपाई फुटत चाललेल्या बर्फावरून पुन्हा पुन्हा पलीकडे गेला आणि माणसं घेऊन आला. आता म्हणे तो दाराच्या चौकटीत मावत नसे. म्हणे त्याच्या पायाखाली बर्फ आपणहून घट्ट व्हायचं. म्हणे इंग्रजांनी बंदुका खाली ठेवल्या आणि बघत उभे राहिले.

डॉर्कस हे सगळं ऐकून आली आणि म्हणाली, "आई, मग बाबांना का नाही आणलं त्याने?"

मी तिला पीठ मळायला बसवलं. दुसरं काय करणार होते. पण एलियेझर, तोच प्रश्न मी ही पोर पोटात होती तेव्हापासून गिळून बसले आहे. रूबेन त्या दिवशी तिथे होता. तो आजारी नव्हता, जखमी नव्हता. फौजेने मला इतकंच कळवलं की हेरन नदीपाशी गेला. सगळा गाव त्या लॅराबीचे गोडवे गातो तेव्हा मी खिडकी लावून घेते. कुणाकुणाची माणसं आणलीस रे बाबा, माझंच कसं राहिलं?

क्रेन म्हणतो की लॅराबी तुमच्याच भागात, केंटकीत, कुठेतरी राहतो. त्याला शोध आणि एवढंच विचार. माझ्या नवऱ्याला का सोडलं? उत्तर कसंही असलं तरी जसंच्या तसं लिही. मला गोड करून सांगू नकोस.

तुझी ताई,
केझिया


टिल्सनचा मळा, केंटकी, ११ डिसेंबर १७८७

प्रिय ताई,

तुझा लॅराबी सापडला. पण आधी इथले लोक काय काय सांगतात ते ऐक, म्हणजे आमच्यापुढे तुमचं गाव किती मागे आहे ते तुला कळेल.

मिठाच्या झऱ्यावर एकाने मला शपथेवर सांगितलं की लॅराबीने उधळलेला रानरेडा शिंगाला धरून गाडीसारखा वळवला. दुसरा म्हणाला, त्याच्या झोपडीत अस्वल शिरलं, पण आत कोण बसलंय हे पाहिल्यावर बाहेर जाऊन पाय पुसून आलं. तिसऱ्याचं म्हणणं, त्याला नदी ओलांडायची असली की तो काठावर उभा राहून नुसता खाकरतो आणि नदी गोठते. मी विचारलं, "मग उन्हाळ्यात?" तर म्हणाला, "उन्हाळ्यात तो खाकरतच नाही."

अशा माणसाला भेटायचं म्हणून मी चांगला डगला घालून गेलो. गिरणीवर गाठ पडली. ताई, तो माझ्याहून बोटभर बुटका आहे. हडकुळा, दाढी पिकलेली, आणि पाय असे घासत चालतो की जणू ते दुसऱ्या कुणाचे उसने आणलेत. पिठाचं पोतं खांद्यावर घ्यायला त्याला भिंतीचा आधार लागला.

"जेथ्रो लॅराबी तुम्हीच का?" मी विचारलं.

"कोण विचारतंय?"

"एलियेझर टिल्सन. नदीकाठी माझा मळा आहे. मला हेरन नदीबद्दल विचारायचं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग चुकीच्या माणसाला विचारताय," म्हणाला आणि पोतं घेऊन पाय ओढत निघून गेला. मी मागून दोनदा हाक मारली. एकदाही वळला नाही.

मला वाटतं ताई, ही सगळी हवा आहे. कुणीतरी एखाद-दोन माणसं आणली असतील आणि पुढचं सगळं सायडरच्या दारूने केलं असेल. असल्या माणसावर राग धरून तू इतके हिवाळे खिडकी लावलीस, त्याचंच मला वाईट वाटतं. सोडून दे.

झिल्पा बरी आहे.

तुझा,
एलियेझर


वेल्सफर्ड, २० फेब्रुवारी १७८८

एलियेझर,

सोडून दे म्हणे. तुझ्या सल्ल्यावर मी चालले असते तर आज मासेवाल्या पीबडीची तिसरी बायको झाले असते.

तो निघून गेला, आणि ही सगळी हवा आहे असं तू त्यावरून ठरवलंस. मी उलट समजते. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस थांबतो, फुशारकी मारतो, निदान एक पेला मागतो. नदीचं नाव काढताच जो पाठ फिरवतो त्याला काहीतरी ठाऊक आहे. त्याने रूबेनला पाहिलं होतं आणि सोडून आला होता, हे आता मला पक्कं कळलं. पुन्हा जा. या वेळी रूबेनचं नाव घे आणि त्याचा चेहरा बघ.

आणि दुसरं. "झिल्पा बरी आहे." लहानपणी गाय विहिरीत पडली तेव्हा तू घरी येऊन असंच "गाय बरी आहे" म्हणाला होतास. तू थोडक्यात बोललास की मला ती गाय आठवते. काय दडवतो आहेस?

केझिया


टिल्सनचा मळा, केंटकी, १४ एप्रिल १७८८

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. लगेच लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. हे कसं सांगायचं तेच कळेना. आधी कबुली देतो, दडवत होतो. झिल्पाला दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नाहीत, त्यामुळे या खेपेला ती म्हणाली, बाळ रडलेलं ऐकेपर्यंत कुणाला कळवायचं नाही. आता कळवतो. मुलगी झाली. रडते, आणि आवाज तुझ्यावर गेला आहे.

सुईण नदीपलीकडे राहते. तिचं नाव मिसेस अ‍ॅबट, आमच्या भागात तीच एक. थंडी कडक होती, नदी दगडासारखी गोठली होती, म्हणून दिवस भरत आले तेव्हा झिल्पाला घसरगाडीवर घालून तिच्याकडे पोचवलं. बाळंतपण नीट झालं. आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिणेचा गरम वारा सुटला. सकाळी मी काठावर गेलो तर नदीतून तोफ डागल्यासारखे आवाज येत होते. वरच्या अंगाला बर्फ फुटलं होतं आणि मोठमोठे तुकडे खालच्या वळणावर अडकून धरण झालं होतं. पाणी चढत होतं. सुईणीची झोपडी सखल जागी, मागे दलदल, पुढे नदी. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. झिल्पा बाळाला घेऊन दारात उभी होती. मला तिचा चेहरा दिसत होता, ताई, इतकी जवळ.

आम्ही काठावर सगळे शेजारी जमलो होतो. होडी टाकली, तिचा बर्फाने चुरा झाला. मी चालत निघालो तर पाचव्या की सहाव्या पावलाला कमरेपर्यंत आत गेलो, आणि लोकांनी मला दोराने बाहेर काढलं. मग मी नुसता ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ओरडू नका. तिला आवाज ऐकू द्या, पण घाबरलेला नको."

तो लॅराबी होता. बर्फ फुटल्याचा आवाज ऐकून टेकडी उतरून आला होता, त्या तसल्या पायांनी. त्याने नदीकडे पाहिलं आणि म्हणाला, "शिडी आणा. लांबातली लांब. आणि दोन पिंपं फोडा."

आम्ही फोडली. पिंपाच्या वाकलेल्या फळ्या त्याने शिडीच्या खाली बांधल्या, टोकं वर येतील अशा. मग कमरेला दोर बांधला, शिडीवर पालथा पडला आणि कोपरांनी स्वतःला ढकलत निघाला. ताई, जमिनीवर ज्याला धड चालता येत नाही, तो माणूस त्या बर्फावर पाणसापासारखा गेला. तुकडा खचू लागला की तो थांबायचा, कान लावायचा, बाजूला सरकायचा. एकदा त्याच्यासमोर भेग पडली, खालचं काळं पाणी आम्हाला दिसलं. त्याने शिडी पुढे सरकवून पूल केला आणि वरून सरपटत गेला. मिठाच्या झऱ्यावरचा तो रानरेड्यावाला माझ्या शेजारी टोपी काढून उभा होता.

त्याने झिल्पा आणि बाळाला शिडीवर निजवलं, स्वतः मागून पोटावर सरपटत ढकलत आणलं. सबंध वेळ तो बोलत होता. झिल्पाने नंतर सांगितलं, काही विशेष नाही, तो विचारत होता की मक्याच्या भाकरीत गूळपाणी घालतेस का, आणि नाही म्हटल्यावर तिच्याशी वाद घालत होता. ती म्हणाली, "मला इतका राग आला की घाबरायचं राहूनच गेलं." मग तो परत गेला आणि सुईणीला घेऊन आला. ती चांगली वजनदार बाई आहे. तिचे पाय काठाला लागले आणि मागे सगळी नदी हलली. झोपडी दुपारपर्यंत दिसेनाशी झाली.

त्याला घरी आणलं, चुलीपाशी बसवलं. त्याचे मोजे काढले तेव्हा पाहिलं, दोन्ही पायांना एकही बोट नाही. जुन्या जखमा. तुझा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण त्याने नुकतीच माझी माणसं आणून दिलेली, त्याला कुठल्या तोंडाने विचारू? शेवटी म्हणालो, "गिरणीवर मी हेरन नदीचं विचारलं ते गंमत म्हणून नव्हतं. माझा मेव्हणा तिथून परत आला नाही. बहीण विचारते, का?"

"काय करायचा तो?"

"पिंपं बनवायचा."

त्याने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "हातमोजे कसे होते त्याचे?"

"म्हणजे?"

"दोन्ही उजव्या हाताचे होते का?"

होते, ताई. तू विणलेले ते मोजे. त्यावरून मी तुला चिडवलं होतं आणि तू पळी फेकून मारली होतीस.

आता तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. तू जसंच्या तसं मागितलं होतंस.

"मी आधीच नदी ओलांडून अलीकडे आलो होतो. धावत आलो होतो, खोटं कशाला बोलू. काठावर बसून थरथरत होतो. हा माणूस आला आणि मला म्हणाला, तू हडकुळा आहेस, तुला बर्फ झेलेल, चल ऊठ. गोठ्याची शिडी त्याने काढली. पिंपं त्याने फोडली, फळ्या त्याने बांधल्या. पोटावर कसं सरपटायचं, बर्फाचा आवाज कसा ऐकायचा, सगळं त्याने मला शिकवलं, तेही शिव्या देत. दोन शिड्या केल्या. तो जायचा तेव्हा मी यायचो. धुकं होतं, बर्फ पडत होतं. तो सारखा मला हाका मारायचा, लॅराबी, डावीकडे घे, लॅराबी, दोर ओढ. शिडीवरची माणसं तापाने अर्धमेली. त्यांच्या कानावर एकच नाव पडत होतं. कुणी आणलं विचारलं की ती म्हणायची, लॅराबी. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी त्याला अरे ए म्हणायचो.

"शेवटच्या फेरीला तो काठापासून जवळच होता. बर्फ उघडलं. त्याने शिडी जोरात माझ्याकडे ढकलली, माणसासकट. मी ती धरली. मग वर पाहिलं तर तो नव्हता. मी आत उतरलो. पाण्यात हात घालून शोधत राहिलो, लोकांनी ओढून काढेपर्यंत. पाय तेव्हाच गेले. नंतर जिथे जावं तिथे लोक माझ्या हातात पेला द्यायचे. मी सांगायचो, आम्ही दोघे होतो. ते म्हणायचे, बघा किती नम्र आहे. तेव्हा मी इथे निघून आलो. त्याने माझे ओले झालेले हातमोजे बघून स्वतःचा एक काढून दिला होता. वापरून वापरून विरला तो.

"तुमच्या बहिणीला सांगा, त्याला कुणी सोडलं नाही. तो आला नसता तर मी काठावरच बसून राहिलो असतो आणि आज तुम्हाला माझं नाव माहीत नसतं."

मी त्याला रूबेनचं नाव सांगितलं. रूबेन हॉकिन्स. त्याने ते दोन-तीन वेळा स्वतःशीच म्हटलं, नवीन शब्द शिकल्यासारखं.

ताई, मी नदी पाहिली आहे आता. असल्या बर्फावर माणूस एकदा गेला तर त्याला लोकांनी आयुष्यभर डोक्यावर घ्यावं. रूबेन किती वेळा गेला कुणास ठाऊक. मी त्याच्यासोबत सात वर्षं एका टेबलावर जेवलो आणि मला वाटायचं, हा फक्त पिंपं चांगली करतो.

तुझा,
एलियेझर


वेल्सफर्ड, ३० जून १७८८

प्रिय एलियेझर,

तुझ्या मुलीला माझे आशीर्वाद. झिल्पाला सांग, भाकरीत गूळपाणी घालायचंच असतं, त्या बाबतीत लॅराबी बरोबर आहे. त्याला माझ्याकडून दोन जोड लोकरी मोजे पाठवले आहेत, पायांचे, पुढून बंद आणि आखूड, त्याला बसतील असे. त्याच्याबद्दल मी इतकी वर्षं जे जे मनात आणलं ते तू त्याला सांगू नकोस. मोजेच पुरेत.

पत्र आलं त्या दिवशी मी ते गोठ्यात नेऊन वाचलं. मग डॉर्कसला वाचून दाखवलं. ती उठली. बाहेर गेली, बापाच्या कामाच्या पडवीत गेली, आणि त्याची हत्यारं एकेक करून हातात घेऊन बघत राहिली. अंधार पडायच्या आत तिने ती सगळी पुसून पुन्हा भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी मी क्रेनच्या खाणावळीत गेले. मी तिथे कधी पाऊल टाकत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. चार-पाच जुने शिपाई बसले होते. मी म्हणाले, "मला एक वाचायचं आहे," आणि तुझ्या पत्रातलं लॅराबीचं बोलणं वाचलं. शेवटापर्यंत वाचलं.

कुणीतरी म्हणालं, "असं कसं होईल, आम्हाला तर लॅराबीने—" क्रेनने हात वर केला, बोलणारा थांबला. क्रेन गल्ल्याच्या फळीमागून बाहेर आला. तुला माहीत आहे तो कसा माणूस आहे, दारात घोडा मेला तरी चेहरा हलायचा नाही. त्याचे ओठ हलत होते.

"मिसेस हॉकिन्स," तो म्हणाला, "ज्याने मला आणलं तो सारखा बोलत होता. झोपलास तर मरशील म्हणायचा, आणि बायकोच्या गोष्टी सांगायचा. मला वाटायचं लॅराबीचीच बायको. कुणाला सांगितलं नाही मी, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी."

"काय सांगायचा?" मी विचारलं.

"तिने एकदा पाद्र्याच्या केसांच्या टोपात अंडी उबवायला ठेवली होती."

मागे कुणीतरी म्हणालं, "कोंबडी चिडकी होती म्हणून." तो ऑलिव्हर पीस, कोपऱ्यातला. तो कधी बोलत नाही. मग तिसरा म्हणाला, "नवरा लग्नाच्या दिवशी उशिरा आला म्हणून तिने त्याला दारात उभं करून पिंपाचा भाव विचारला." एलियेझर, त्यांना माझी सगळी भांडणं पाठ होती. मी गेली कित्येक वर्षं या माणसांना रस्त्यात बघून मान फिरवली, आणि ते माझी चिडचिड ऐकत ऐकत नदी उतरून आले होते. माझ्या डोळ्यांसमोर ते धुकं आलं, आणि त्यात पोटावर सरपटत रूबेन माझ्याबद्दल कुरकुर करतोय. मला खुर्ची दिली कुणीतरी. मी बसले.

ते सगळे उभे राहिले होते. पेला कुणी उचलला नाही. नुसते उभे होते.

मग क्रेन माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, मोठा माणूस, गुडघा दुखतो त्याचा. "एक विचारू का," म्हणाला. "तो सांगत होता की फौजेत निघायच्या दिवशी तुमचं जोरात भांडण झालं. तो अंगणात सामान घेऊन उभा, आणि तुम्ही दार आतून लावलेलं. तो हाका मारत होता. एवढ्यात आम्ही काठाला लागलो आणि तो वळून परत गेला. पुढचं ऐकायचं राहिलं माझं."

तिथे सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं. मी म्हणाले, दार उघडलं तेव्हा तो निघून गेला होता. मी तशीच धावले, पिठाचे हात घेऊन, गिरणीच्या वळणापर्यंत. तिथे गाठलं त्याला. त्याच्या डगल्यावर दोन्ही हातांचे पांढरे ठसे उमटले. मी झटकायला लागले तर म्हणाला, राहू दे.

क्रेनने हळूच मान हलवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही दार उघडलंच नाही."

तुझी ताई,
केझिया